थावराबापूंच्या सतरा गायींचा रस्ता

हिंगोलीपासून समुद्र किती लांब, हे मी नकाशात बघून सांगेन. थावरा राठोडांना नकाशा लागत नसे. "बैलाच्या चालीनं सव्वा महिना," ते म्हणायचे. "मधी एखादा बैल आजारी पडला तर दीड." स्वतः थावराबापूंनी समुद्र पाहिलेला नव्हता. त्यांच्या आज्याने पाहिला होता. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ आणत, त्या काळातली गोष्ट. पण घरातल्या एकाने समुद्र पाहिला की तो पुढच्या तीन पिढ्यांना पुरतो, अशी बापूंची समजूत होती. त्यामुळे आमच्या सावरखेडीच्या तलावाकडे ते जरा वरूनच बघत. जिल्ह्याच्या गावी राहून आलेला माणूस तालुक्याच्या गावाकडे बघतो, तसं.

मी तेव्हा सावरखेडीच्या शाळेवर मास्तर होतो. तलावाच्या एका अंगाला गाव, दुसऱ्या अंगाला लमाणांचा तांडा. तांड्यावर सगळ्यात टोकाचं घर बापूंचं, आणि त्या घरात माणसांपेक्षा गायींचं बहुमत. सतरा गायी, सगळ्या लाल कंधारी. बापू त्यांच्याशी गोरबोलीत बोलत, आमच्याशी मराठीत, आणि जास्त अदबीने कुणाशी बोलत हे सांगायला नको. गायींची नावंही दरबारी. पुढे चालणारी धिप्पाड ती हवालदारीण. कुणाच्याही वावरात तोंड घालून ‘हद्द’ तपासून येणारी ती तलाठीण. एक बाईसाहेब होती, तिला धूळ चालत नसे. बापूंच्या हातात काठी असायची, पण मी ती कधी गाईवर उगारलेली पाहिली नाही. ती बापूंनी स्वतःला टेकण्यासाठी ठेवली होती.

बापूंचा थोरला मुलगा संतोष सेनगाव-हिंगोली रस्त्यावर दुसऱ्याची जीप चालवायचा. गायी विकून स्वतःची जीप घ्यावी, असं त्याचं मत होतं. "बापू, सतरा गायी म्हणजे सतरा तोंडं," तो म्हणे. "जीपला एकच तोंड. ते बी डिझेल टाकायच्या वक्तालाच उघडतं."

बापू यावर हसत. पण २००१च्या उन्हाळ्यात हसू आटलं. त्या वर्षी तलाव आटता आटता पार मधल्या खोलगटात गेला. पाणी मागे सरतं तसतशी गाळाची ओली जमीन उघडी पडते, आणि तिच्यात लोक टरबूज-काकडी लावतात. गाळपेर म्हणतात तिला. त्या साली गाळपेरीचे वेल काठाकाठाने असे सलग पसरले, की तांड्याच्या गायींना पाण्याकडे उतरायला बोटभर फट राहिली नाही. रोज दीड कोस वळसा घालून, धरणाच्या भिंतीकडून पाणी पाजून आणायचं. एक दिवस बाईसाहेब गाभण असताना अर्ध्या वाटेत बसली ती उठेना. शेवटी तिला बैलगाडीत घालून घरी आणलं. गाय गाडीत आणि बापू पायी, ही वरात साऱ्या गावाने पाहिली.

त्या संध्याकाळी संतोष म्हणाला, "म्होरल्या उन्हाळ्यात बी असंच झालं, तर गायी जवळा बाजारच्या गुरांच्या बाजारात. व्यापारी माझ्या वळखीचा हाय."

बापूंनी हातातली काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "बराबर हाय." दुसऱ्याला बराबर म्हणायची बापूंना सवय नव्हती. त्यामुळे त्यांनी ते मनापासून म्हटलंय, हे सगळ्यांना कळलं.

पुढे दिवाळी झाली आणि पुनमताई आल्या. हिंगोलीच्या एका संस्थेत काम करणारी चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी, खांद्याला पिशवी, पायांत पांढरे बूट. तलावाच्या काठाचा कारभार काठावरच्या लोकांनीच ठरवावा, असा तिच्या संस्थेचा कार्यक्रम होता. गाळपेर कुणी कुठे करायची, मासे कधी धरायचे, किती इंजिनं पाणी ओढणार, कुणाची जनावरं कुठून उतरणार, सगळं लोकांनी एकत्र बसून ठरवायचं आणि त्याचा आराखडा करायचा. कल्पना चांगली होती. फक्त संस्थेची प्रश्नावली मुळात समुद्रकाठच्या गावांसाठी तयार केलेली होती. आमच्यासाठी त्यात जागोजागी ‘समुद्र’ खोडून ‘तलाव’ लिहिलं होतं.

मारुतीच्या पारावर वाचन सुरू झालं.

"किनाऱ्यावरील खारफुटीची स्थिती," पुनमताईंनी वाचलं. "म्हणजे काठाच्या चिखलात आपोआप वाढणारी झाडं."

"बेशरम हाय," गाळपेर करणारे संतराम जाधव म्हणाले. "ढीगभर. ती चालंल का?"

बेशरम लिहून घेण्यात आली.

"भरतीची रेषा कुठे, ओहोटीची रेषा कुठे," पुनमताईंनी वाचलं, आणि त्याच हसल्या. "हे आपल्याला लागू नाही. सर, यावर काट मारा."

मी आराखड्यासाठी नेमलेल्या समितीचा लेखनिक होतो, माझं अक्षर बरं म्हणून. मी काट मारायला पेन टेकवलं तेवढ्यात बापूंचा हात वर झाला.

"लागू हाय की. आपल्या तलावाला वर्षातून एकच भरती अन् एकच ओहोटी असती. ओहोटी दिवाळीला लागती, ती मिरगापतोर चालती."

पार हसला. "बापू, तुमचा समुद्र घरी ठिवून या," कुणीतरी म्हणालं. बापूही हसले. मीही हसलो, आणि हसता हसता काट मारली.

मग नकाशा. पाराच्या समोर अंगण सारवून रांगोळीने सारा परिसर काढला. गाव, तांडा, रस्ते, आणि मध्ये ऐसपैस निळ्या रांगोळीचा तलाव. कार्तिकातला तलाव, काठोकाठ. आणि काय सांगू, दुपारच्या जेवणाच्या आत सगळं ठरलं. पावसाळ्याचे दोन महिने मासे धरायचे नाहीत, कबूल. इंजिनं पाळीपाळीने, कबूल. गाळपेर ज्याने त्याने आपल्या जुन्या वावरापुरती, कबूल. तांड्याच्या गायींना पाण्यापर्यंत रस्ता? त्याला तर संतरामभाऊंनीच मान हलवली.

"द्या की वीस हात रुंद. मुकी जनावरं हायेत."

कुणीतरी तांड्यापासून पाण्यापर्यंत चालून आलं. दोनशे पावलं भरली. मी लिहिलं: ‘गुरांचा रस्ता, रुंदी वीस हात, लांबी दोनशे पावले.’ बापूंनी अंगठा उठवला. पुनमताई म्हणाल्या, इतका एकोपा मी चार तालुक्यांत पाहिला नाही. सगळ्यांचा फोटो निघाला.

एकोप्याचं कारण आमच्या लक्षात यायला चैत्र उजाडावा लागला. भांडणाची सगळी जमीन त्या दिवशी पाण्याखाली होती. निळ्या रांगोळीखाली काय आहे यावर कोण कशाला वाद घालेल? आम्ही आराखडा केला होता तो फक्त कार्तिक महिन्याचा.

चैत्रात बापू गायी घेऊन निघाले. तांड्यापासून दोनशे पावलं आली, आणि पुढे संतरामभाऊंचे टरबुजाचे वेल. पाणी त्याच्याही पलीकडे, हजारभर पावलांवर चमकत होतं.

संतरामभाऊ कंजूष माणूस नव्हते. तलाव झाला तेव्हा त्यांच्या वडिलांचं काळं रान पाण्यात गेलं होतं. दर फाल्गुनात ते रान गाळ अंगावर घेऊन वर यायचं, आणि संतरामभाऊ दोन-तीन महिने त्याच्यापाशी खोप घालून राहायचे. माहेरी आलेल्या लेकीला जपावं, तसं ते त्या रानाला जपत. तिथून कुणी जायचं म्हटलं की त्यांचा आवाज बदलायचा.

"संतरामभाऊ, रस्ता?" बापूंनी विचारलं.

"दिला की. तुमी हुबे हाव तोच."

"ह्यो तर इथंच सपला."

"कागदावर दोनशे पावलं हायेत. मास्तरनं लिवलंय. मोजून घ्या."

"पन पानी तिकडं हाय."

"पान्याला तिकडं जा म्हणून म्या सांगितलं का?"

बापू माझ्याकडे आले. मी रजिस्टर उघडलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण बोट बरोबर त्या ओळीवर ठेवून ते थोडा वेळ बघत राहिले. "मास्तर," ते म्हणाले, "अक्षर लई सुरेख हाय तुमचं." आयुष्यात माझ्या अक्षराची तारीफ पुष्कळांनी केली. इतकी लागलेली ही एकच.

दुसऱ्या दिवशी बापूंनी भांडण केलं नाही, अर्ज केला नाही. त्यांनी सतरा गायी आणल्या आणि मोजून दोनशेव्या पावलावर उभ्या केल्या. गायींना समोर पाणी दिसत होतं, वाराही तिकडूनच येत होता. त्यांनी जो हंबरडा फोडला तो शाळेत दुसरीच्या वर्गापर्यंत ऐकू येत होता. संतरामभाऊ काठी घेऊन वेलांपुढे उभे. एक गाय पाऊलभर पुढे आली की बापू तिला अदबीने मागे बोलवत. "मागं या, बाईसाहेब. तुमचा आराखडा इथवरच हाय."

दुपारी रूपाबाई, म्हणजे बापूंची बायको, दोन सुनांना घेऊन हातपंपावरून हंडे वाहून गायींना पाणी पाजायच्या. सतरा गायी आणि एक हातपंप. तीन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी रूपाबाईंनी शेवटचा हंडा खाली ठेवला, कोपरापर्यंतच्या बांगड्या मागे सारल्या आणि म्हणाल्या, "संतोषच्या बापू, एक तर रस्ता आना, न्हाई तर मला बी जवळा बाजारात नेऊन बांधा."

तिकडे खोपीत संतरामभाऊंची बायको मंजुळाबाई तीन दुपारी झोपलेली नव्हती. तिने आतूनच आवाज दिला, "अहो, द्या की त्यांना वाट. माझं डोस्कं फुटून राहिलं."

"वाट दिली तर येल राहतील का? सतरा गायी म्हणजे वरात असती," संतरामभाऊ म्हणाले.

"वीस हात कोनाला पायजेत?" बापू म्हणाले. "दोनच हात द्या. लमानाची गाय रांगेत चालती."

"कवापासून?"

"आज्यापासून."

"आज्याच्या गायी गेल्या, बापू. ह्या गायी म्या रोज बघतो. गावात शिरल्या की चारी गल्ल्यांत एकदमच शिरत्यात."

हे खरं होतं, आणि बापूंना ते संतरामभाऊंपेक्षा जास्त माहीत होतं. पण समोर माणूस उभा असताना आज्याला खोटं कसं पाडायचं? "आठ दिवस द्या," बापू म्हणाले. "आखजीच्या दिशी सकाळी रांगेत नेऊन दाखवतो. एका बी गाईनं येलाला तोंड लावलं तर रस्ता नको. संतोष व्यापाऱ्याला सांगंल."

शब्द दिला खरा, अक्षय्य तृतीयेचा. रांग मात्र गायींच्या गावीही नव्हती.

पहिल्या दिवशी बापूंनी प्रत्येक गाईचं दावं पुढच्या गाईच्या शिंगाला बांधलं. हवालदारीण मागचं ओढणं सहन न होऊन मागे वळली, आणि पाच मिनिटांत सतरा गायींचा एक मोठा गोल तयार झाला. त्याच्या मध्यभागी बापू. दुसऱ्या दिवशी दावी सोडून त्यांनी दोन्ही बाजूंना बेशरमीच्या फांद्या रोवून गल्ली केली. गायी गल्लीच्या तोंडापाशी एकमेकींना ढुशा देत राहिल्या. एसटीच्या दारात होतं तेच. तिसऱ्या दिवशी संतोष जीप थांबवून बघून गेला. जाताना हॉर्न वाजवला.

रूपाबाई हे सगळं ओट्यावरून शेण थापत बघत होत्या. चौथ्या दिवशी उठल्या.

"कोन कोनाच्या मागं लावलंय हे बघितलं का तुमी?"

"गाईच्या मागं गाय लावलीय. आनखी काय बघायचं?"

"तलाठीण बाईसाहेबाच्या मागं मरंपतोर चालायची न्हाई. मागच्या साली तिचं आंबोन हिनं खाल्लं. दोघींत तवापासून वाकडं हाय."

बापू त्यांच्याकडे बघत राहिले. रोज धारेला रूपाबाईच बसत. कोण कुणाशी बोलते, कोण कुणाचं तोंड बघत नाही, कुणाला कोण शेजारी असली की पान्हा फुटतो, हे सगळं त्यांना पाठ होतं. त्यांनी लग्नाच्या पंगतीत पाहुणे बसवावेत तशा गायी बसवायला घेतल्या. आधी हवालदारीण. तिच्या मागे तिची लेक. मग म्हातारी, कारण म्हातारीच्या पुढे जायचं धाडस कुणाचं नाही. बाईसाहेब आणि तलाठीण यांच्या मधे सहा गायींचं अंतर. सगळ्यात शेवटी मुकी नावाची गाय, जिला कशाचाच राग येत नसे.

गल्लीत गेल्या, आणि निघाल्या. एकीच्या शेपटीमागे दुसरीचं नाक. बापू टोकाला उभे होते. त्या दिवसापासून ते रोवलेल्या फांद्या रोज चार बोटं आत घेत गेले.

आखजीला सकाळी अर्धं गाव तलावात उतरलं होतं. पुनमताईही हिंगोलीहून आल्या होत्या, पांढरे बूट हातात घेऊन. संतरामभाऊंनी वेलांच्या मधून दोन दोऱ्या ताणल्या. आपल्याच हातांनी मोजल्या दोन हात. बापूंचे हात लांब, संतरामभाऊंचे आखूड. बापूंनी ते पाहिलं आणि सोडून दिलं.

हवालदारीण दोऱ्यांच्या मधे शिरली. पाठीमागे लेक. गळ्यातल्या घंटा सोडल्या तर कशाचा आवाज नव्हता. दोन्ही बाजूंना, गाईच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, हिरवीगार टरबुजं. तलाठीण आली तेव्हा तिने एकदा मान डावीकडे वळवली. संतरामभाऊंनी काठी उचलली. रूपाबाई पलीकडून हलकेच म्हणाल्या, "म्होरं बघ ये भवाने." तलाठीणीने पुढे बघितलं.

नऊ गेल्या. बारा गेल्या. मुकी सगळ्यात शेवटी, आपण कुठे चाललोय याचा विचार न करता, शांतपणे गेली. सतरा.

आणि मग अठरावी आली.

खोपीपाशी संतरामभाऊंची एक कालवड बांधलेली होती. डोळ्यांदेखत सतराजणी पाण्याला निघाल्यात आणि आपण खुंट्याला, हे तिला सोसलं नाही. तिने खुंटा उपटला आणि रांगेचं टोक गाठायला सरळ वेलांतून धाव घेतली. खुंटा मागून फरफटत होता. सहा-सात वेल आणि पाच टरबुजं तिने मोडली. मग मुकीच्या मागे दोऱ्यांच्या आत शिरली आणि तिथून पुढे अगदी शिस्तीत पाण्यापर्यंत गेली.

सगळे संतरामभाऊंकडे बघत होते. संतरामभाऊ फुटलेल्या टरबुजांकडे बघत होते.

"मोजा," मंजुळाबाई खोपीच्या दारातून म्हणाली. "त्यांच्या सतरा शाळा शिकलेल्या. आपलीच एक अडानी."

संतरामभाऊंना आधी हसायचं नव्हतं. पण आखजीचा दिवस, आणि समोर अर्धं गाव. शेवटी त्यांनीच एक फुटलेलं टरबूज उचललं, तोडलं, आणि अर्धं बापूंपुढे धरलं. "घ्या. नाहीतरी तुमच्या इद्यार्थिनीनंच फोडलं."

"माझी न्हाई ती," बापू म्हणाले. "पन दाखला देतो."

तिथेच, तलावाच्या तळाशी उकिडवं बसून, मी रजिस्टर उघडलं. पुनमताईंनी मी काट मारलेली ती भरती-ओहोटीची ओळ शोधली आणि तिच्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘लागू आहे.’ रस्त्याच्या ओळीत वीस हातांचे दोन हात झाले. लांबीपाशी मी थांबलो.

"किती पावलं लिहू, बापू?"

"पावलं नका लिवू. पानी असंल तिथवर, असं लिवा."

असं लिहिलं. सरकारी कागदात न बसणारं वाक्य आहे, मला माहीत आहे. पण त्या उन्हाळ्यात पाणी आणखी चारशे पावलं मागे गेलं आणि रस्ता न भांडता त्याच्या मागोमाग गेला. संतोषने ज्येष्ठात व्यापाऱ्याला निरोप पाठवला की येऊ नका. जीप तो अजूनही दुसऱ्याचीच चालवत होता, त्यामुळे थोडा घुश्शात होता. पण बाईसाहेबाला त्या वर्षी कालवड झाली तेव्हा तिचं नाव त्यानेच ठेवलं: कंडक्टरीण.

एका गोष्टीचा मात्र कुणी विचार केला नव्हता. सतरा गायी रोज जाऊन येऊन दोनदा एकाच दोन हातांच्या पट्टीवरून चालल्या, तर त्या पट्टीवर काय काय पडतं? पुढच्या वर्षी संतरामभाऊंनी ती जमीन उकरली आणि गप्प बसले. पण तिथली टरबुजं काही गप्प बसली नाहीत. ती अशी वाढली की कळमनुरीच्या बाजारात लोक विचारत, हे बी कुठलं.

त्यामुळे पुढच्या कार्तिकातल्या बैठकीत, जिथे दोन वर्षांपूर्वी अर्ध्या दिवसात सगळं उरकलं होतं, तिथे दुपार कलली तरी गाडी एकाच मुद्द्यावर अडलेली. गायींचा रस्ता यंदा कुणाच्या वावरातून न्यायचा?

"दर साली त्यांच्याच रानातून काहून?" शिवशंकर विचारत होता. संतरामभाऊंच्या शेजारची गाळपेर त्याची. "आराखडा समद्यांचा हाय ना? मंग रस्ता पाळीनं फिरवा. माझ्या वावरातून न्या."

"रस्ता आमच्यातूनच जाईल," संतरामभाऊ म्हणाले. "गायींला सवय आमी लावली. नुस्कान कोनी सोसलं?"

"तुमच्याच कालवडीनं केलं नव्हं ते?"

पुनमताई पेन हातात धरून बापूंकडे बघत होत्या. सगळेच बघत होते. गाय आपल्या वावरातून जावी म्हणून दोन शेतकरी हमरीतुमरीवर आलेत, हे दृश्य बापू डोळे भरून पाहत होते. त्यांना घाई नव्हती.

"मला काय इचारता," ते शेवटी म्हणाले. "रांग माझी न्हाई. ती जिनं लावली तिला इचारा."

मग रूपाबाईंना बोलावणं गेलं. त्या आल्या, पाराच्या खालीच उभ्या राहिल्या, आणि दोघांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं.

"शिवशंकरभाऊच्या वावरात वळन हाय," त्या म्हणाल्या. "वळनावर तलाठीण म्होरं घुसती. म्हंजे बाईसाहेबाच्या शेजारी येती. न्हाई जमायचं."

यावर अपील नव्हतं. मी लिहून घेतलं. शिवशंकर तलाठीणीला उद्देशून काही पुटपुटला. संतरामभाऊंनी टोपी काढून मांडीवर झटकली आणि अतिशय नरमाईने म्हणाले, "वैनी, तेवढं आमच्या रानातून जाताना गायी जरा सावकाश चालवा."